काळजी कमी करायची की घ्यायची? नववीच्या वर्गातील मानसिक आरोग्य कार्यक्रमाची दोन वर्षे

नाशिकच्या पंचवटीतील ज्या अनुदानित शाळेत मी मराठी शिकवते, तिथे गेली दोन शैक्षणिक वर्षे नववीच्या दोन्ही तुकड्यांसाठी मानसिक आरोग्य शिक्षणाचा एक तयार कार्यक्रम विकत घेतला जात आहे. सहा सत्रे, प्रत्येक विद्यार्थ्याला एक कार्यपुस्तिका, सत्रे घेण्यासाठी बाहेरून येणारी एक प्रशिक्षित ताई, पालकांची एक बैठक आणि शिक्षकांसाठी अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण, असे त्याचे स्वरूप आहे. विद्यार्थ्यामागे २४० रुपये पडतात. निम्मी रक्कम संस्थाचालकांनी दिली आणि उरलेली माजी विद्यार्थ्यांकडून गोळा झाली. मूळ अभ्यासक्रम परदेशी आहे आणि तो 'महाराष्ट्रातील किशोरांसाठी सांस्कृतिकदृष्ट्या अनुरूप' केल्याचे मुखपृष्ठावरच छापलेले आहे. हा दावा कितपत खरा आहे, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. कार्यक्रम पुरवणाऱ्यांचे नाव मी लिहीत नाही. एक तर पुढच्या वर्षाच्या अटींवर त्यांच्याशी बोलणी अजून चालू आहेत. शिवाय थोड्याफार फरकाने अशाच पुस्तिका घेऊन तीन-चार जण वर्षभरात आमच्या मुख्याध्यापकांकडे येऊन गेले, त्यामुळे खालचे बरेचसे त्यांनाही लागू पडावे.

पहिल्या वर्षीची पुस्तिका हातात पडली तेव्हा भाषेची शिक्षिका म्हणून मी प्रथम शुद्धलेखन तपासले, ते ठीक होते. दोष कुठे आहे, ते पहिल्याच सत्रात एका मुलीने दाखवून दिले. सातव्या पानावर 'काळजी कमी करण्याचे पाच उपाय' असे शीर्षक होते आणि आठव्या पानावर 'स्वतःची काळजी घ्यायला शिका' असे. मागच्या बाकावरून हात वर झाला आणि प्रश्न आला, "ताई, कमी करायची की घ्यायची?" वर्ग हसला, ताईही हसली आणि पुढच्या पानाकडे वळली. माझ्या मते ते सत्र तिथेच थांबायला हवे होते. मराठीत 'काळजी' या एकाच शब्दात धास्तीही असते आणि मायाही असते. मुलगा सायकल काढतो तेव्हा आई दारातून 'काळजी घे' म्हणते आणि तो परत येईपर्यंत स्वतः काळजीत असते. आपल्या कितीतरी घरांत प्रेम दिसते ते याच रूपात. अशा घरातल्या मुलीला 'काळजी कमी कर' असे सांगितले, तर तिच्या कानावर 'बेफिकीर हो' असेच पडणार. अनुवादकाने कोशातला शब्द अचूक उचलला होता, पण तो शब्द ज्या घरांत वापरला जातो, त्या घरांत तो डोकावला नव्हता.

त्याच पुस्तिकेत मन अस्वस्थ झाल्यावर 'आपल्या खोलीचे दार लावून दहा मिनिटे शांत बसा' असा सल्ला होता आणि शेजारी पलंगावर बसलेल्या एका मुलाचे चित्र होते. स्वतःची खोली किती जणांना आहे, असे मी सहज विचारले. ४६ जणांच्या तुकडीत पाच हात वर झाले. आमच्या शाळेत मार्केट यार्डातल्या हमालांची, गोदाघाटावर फुले विकणाऱ्यांची, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांची मुले आहेत. निफाड-दिंडोरीकडून शिक्षणासाठी मामाकडे किंवा आत्याकडे येऊन राहिलेली काही आहेत आणि पेठ-सुरगाण्याकडची वसतिगृहात राहणारीही आहेत. हात वर केलेल्या पाचांपैकी एकाने जे सांगितले, ते तर पुस्तिकेच्या कर्त्याने लिहून ठेवण्यासारखे होते. "मॅडम, खोली आहे, पण दार लावलं की आई बाहेरून विचारते, आत काय चाललंय?"

अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक केन रेझनिको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये आरोग्य कार्यक्रमांच्या सांस्कृतिक अनुरूपतेचे दोन थर वेगळे केले होते. वरच्या थरात भाषा, चित्रे, नावे, पेहराव, ठिकाणे येतात. खालच्या थरात माणसे त्रासाचे कारण कशात शोधतात, घरात कोणाचा शब्द चालतो, कशाची लाज वाटते आणि मदतीला प्रथम कोणाकडे जातात, या गोष्टी येतात. पहिल्या वर्षीच्या पुस्तिकेने वरच्या थराचेही अर्धेच काम केले होते: 'एमिली'ची 'ईशा' झाली होती, पण ईशा शाळेतून घरी आल्यावर अजूनही थेरपिस्टला फोन करत होती.

असे असूनही दुसऱ्या वर्षी पैसे का मोजले, असा प्रश्न स्टाफरूममध्येही झाला. एक कारण म्हणजे गरज खोटी नव्हती. १० ते १९ वर्षे वयोगटात दर सातांपैकी एकाला मानसिक आरोग्याची काही ना काही समस्या असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात आत्महत्या केलेल्या विद्यार्थ्यांची देशभरातील संख्या १३ हजारांहून अधिक आहे आणि त्यात आपले राज्य सर्वांत वर आहे. नववीच्या वर्गासमोर उभे राहणाऱ्याला हे आकडे पाठ नसले, तरी शेवटच्या बाकावरचे एखादे गप्प झालेले मूल रोज दिसत असते. दुसरे कारण असे की पहिल्या वर्षी आम्ही पाठवलेला सात पानी अभिप्राय कार्यक्रम पुरवणाऱ्यांनी खरोखर वाचला. सुधारित आवृत्ती आली तेव्हा सातव्या पानावर 'धास्ती' हा शब्द होता. 'परीक्षेची धास्ती' कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. पूर्वी हिंदीतून उचललेला 'अवसाद' गेला होता आणि चार दिवस उदास वाटणे व नैराश्याचा आजार यांतला फरक निराळ्या पानावर, साध्या शब्दांत मांडला होता.

सुधारित आवृत्तीचे पहिले सत्र तर मी माझ्या मराठीच्या तासालाही उसने घेईन इतके चांगले झाले. ताईने कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि आत काही बिनसते तेव्हा घरी किंवा मित्राला तुम्ही नेमके काय म्हणता, एवढेच नाव न घालता लिहायला सांगितले. डबा उघडला तेव्हा त्यात 'टेन्शन आलंय', 'डोकं फिरलंय', 'कसंतरीच होतंय', 'पोटात गोळा येतो', 'कशात मन लागत नाही', 'डोक्याला शॉट', 'काही नाही' असे शब्द निघाले. 'काही नाही' हे दोन शब्द अकरा चिठ्ठ्यांवर होते. ताईने या अकरा चिठ्ठ्या फळ्यावर वेगळ्या लावल्या आणि उरलेला तास त्यांच्यावरच घेतला: 'काही नाही' केव्हा खरे असते, कोणी विचारले म्हणजे आपण तसे म्हणतो आणि समोरच्याने आणखी एकदा विचारावे असे वाटते का. पोटात गोळा येणे, डोके दुखणे, दरदरून घाम फुटणे ही शरीराची तक्रार मनाचीही असू शकते, हे तिने याच चिठ्ठ्यांतून समजावले. आपल्याकडे मुले मनाचे दुखणे बहुधा पोटाच्या भाषेत सांगतात, आणि शाळेत त्यावर लिंबू सरबत देऊन त्यांना घरी पाठवले जाते. असे पाठवणाऱ्यांत मीही आले.

कार्यक्रमाचा जीव तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात, नाट्यीकरणात आहे. पहिल्या वर्षी मुलांना एक तयार वाक्य दिले होते: 'तुम्ही असे बोलता तेव्हा मला दुखावल्यासारखे वाटते.' हे वडिलांना उद्देशून म्हणायचे होते. वडील झालेल्या मुलाने क्षणभरही न थांबता उत्तर दिले, "वाटतं म्हणजे? जेवून घे आधी." ते बोलणे इतके ओळखीचे होते की वर्ग बाकावर हात आपटत हसला आणि सत्र हातातून गेले. सुधारित आवृत्तीत त्या वाक्याच्या जागी एक प्रश्न आहे: 'हा निरोप कोणामार्फत जाईल?' मुलांनी आपल्या नात्यांचा नकाशा काढायचा, त्यात ज्याच्याजवळ आपण मोकळेपणाने बोलतो तो मोठा माणूस शोधायचा आणि त्याच्याशी काय बोलायचे याचा सराव करायचा. कोणी मावशी लिहिली, कोणी आजी, बऱ्याच जणांनी मामा. द्राक्षबागायतदार घरातल्या एका मुलाने केलेला प्रवेश माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. ऐन हंगामात गारपीट झालेली, बाग आडवी झालेली, घरात कोणी कोणाशी बोलत नाही आणि याला शास्त्र शाखा नको आहे, हे सांगायचे आहे. वडिलांसमोर तो गेलाच नाही. आधी मामाकडे गेला, मामाने 'आत्ता नको, छाटणी होऊ दे, मग मी बोलतो' असे सांगितले आणि मुलाने विचारले, "तोवर मी काय करू?" मामा झालेल्या मुलाला उत्तर सुचले नाही. ताईनेही घाईने ते पुरवले नाही, तर तोच प्रश्न तिने वर्गाकडे सोपवला. मोठ्यांपुढे स्पष्ट बोलता येणे हे मूळ अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट असावे. इथे ते मध्यस्थ निवडता येणे असे झाले, आणि मुलांना त्यात आपली हार झाल्यासारखे वाटले नाही. मुखपृष्ठावरचा दावा मला पटला तो या दोन सत्रांपुरता.

नाट्यीकरणाला इतके महत्त्व द्यावे का, अशी शंका असणाऱ्यांसाठी एक माहिती. युरोपातील दहा देशांच्या १६८ शाळांत, ११ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चर्चा आणि नाट्यीकरण यांवर आधारलेल्या विद्यार्थी-कार्यक्रमाने वर्षभरानंतर आत्महत्येचे प्रयत्न कमी झाल्याचे त्यात दिसले. केवळ शिक्षकांना धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवून तसा फरक पडला नाही. उलट इंग्लंड-वेल्ससह ब्रिटनमधील सुमारे ८५ शाळांत तपासलेल्या सजगतेच्या (माइंडफुलनेस, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या) पाठांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, तेव्हा ते नेहमीच्या शिकवण्याहून सरस ठरले नव्हते.

हे आठवायचे कारण पाचवे सत्र. त्यात सजगतेचा तो प्रसिद्ध मनुक्याचा प्रयोग जसाच्या तसा ठेवला आहे: एक मनुका तळहातावर घ्यायचा, जणू पहिल्यांदाच पाहत आहोत असा न्याहाळायचा, वास घ्यायचा आणि मग अगदी सावकाश खायचा. नाशिक जिल्ह्यात 'द्राक्षाचे फळ पहिल्यांदाच पाहत आहोत अशी कल्पना करा' असे सांगणाऱ्याच्या धैर्याला मी दाद देते. अर्ध्या वर्गाने सूचना संपण्यापूर्वीच मनुका खाल्ला होता. निफाडकडच्या एका मुलाने मात्र तो उजेडात धरून, दाबून, कडा पाहून हा तासगावकडचा वाटतो असे सांगितले आणि बेदाणा कसा वाळवतात याचे पाच मिनिटे वर्णन केले. खरे पाहता त्या वर्गात सर्वांत सजगपणे मनुका पाहिला तो त्यानेच, पण ताईच्या हातातल्या मार्गदर्शिकेत त्यासाठी रकाना नव्हता. हे सत्र काढून तो तास नाट्यीकरणाला द्यावा, असे आम्ही कळवले आहे.

सहाव्या सत्रात चिडवणे आणि दादागिरी हा विषय आहे. शरीरयष्टीवरून, रंगावरून आणि मोबाइलवरच्या गटांतून होणारी चिडवणूक त्यात आहे. नव्या आवृत्तीत बोलीवरून होणाऱ्या चिडवणुकीचा एक प्रसंग घातला आहे आणि तो चांगला आहे, कारण सुरगाण्याकडून आलेल्या मुलाने तोंड उघडले की 'पुन्हा बोल ना' म्हणणारी मुले आमच्याकडे आहेत. जातीचा मात्र एका शब्दानेही उल्लेख नाही. आडनाव विचारून घेतली जाणारी झाडाझडती, शिष्यवृत्तीच्या यादीवरून मारले जाणारे टोमणे, मोटारसायकलवरच्या स्टिकरांवरून पडणारे गट हे सगळे नववीच्या मुलांना ठाऊक आहे आणि पुस्तिकेला नाही. विचारल्यावर उत्तर आले की काही शाळांची हरकत असते. हरकत असेलही, पण परदेशी पुस्तिकेतला वंशद्वेषाचा धडा गाळून ती जागा मोकळी ठेवली, तर त्याला अनुरूपता म्हणू नये.

गुप्ततेबाबत गंभीर तक्रार आहे. पहिल्या वर्षी पहिल्याच पानावर 'इथे बोललेले इथेच राहील' असे वचन दिलेले होते. आपल्याकडे हे वचन बिनशर्त देताच येत नाही. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळते, त्याने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा ठरतो. शिवाय संमतीचे वय अठरा असल्यामुळे पंधरा वर्षांच्या दोघांच्या प्रेमप्रकरणाची वर्गात निघालेली गोष्टही सत्र घेणाऱ्याला पेचात टाकू शकते. वचनावर विसंबून एखादे मूल बोलले आणि नंतर त्याला 'हे मला सांगावे लागेल' असे ऐकावे लागले, तर ते पुन्हा कोणाजवळ बोलेल असे मला वाटत नाही. आता ते वाक्य बदलून 'तुमच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल, तर ते मला योग्य माणसाला सांगावे लागेल, पण आधी तुम्हाला सांगून' असे केले आहे. हा बदल आम्ही दोन पत्रे आणि चार फोन केल्यावर झाला, हेही नोंदवते.

सत्रे शिक्षकांनीच का घेऊ नयेत, २४० रुपये वाचतील, असे आमच्या एका सहकाऱ्यांचे म्हणणे होते. तिसऱ्या सत्राच्या वेळी ताईने मला नम्रपणे वर्गाबाहेर थांबायला सांगितले, तेव्हा मलाही ते लागले. एकवीस वर्षे शिकवते आहे, मुले माझ्याशी बोलतात असा माझा समज होता. व्हरांड्यात उभी असताना आतला आवाज हळूहळू वाढत गेला आणि समज दुरुस्त झाला. गुण ज्याच्या हातात आणि पालकांना फोन करण्याचा अधिकारही ज्याच्याकडे, त्याच्यासमोर मूल मोजून बोलते. बिहारमधील नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसले होते. तिथे एकच कार्यक्रम प्रशिक्षण दिलेल्या, पण व्यवसायाने तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी राबवला तेव्हा शाळेचे वातावरण सुधारले आणि दादागिरी व नैराश्याची लक्षणे घटली. शिक्षकांनी राबवला तेव्हा तसा फरक आढळला नाही. शिक्षकांचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण म्हणजे चाळीस स्लाइड आणि समोसा, याहून अधिक लिहिण्यासारखे त्यात काही नव्हते.

पालकांच्या बैठकीची कथा निराळी आहे. पहिल्या वर्षी ती मंगळवारी सकाळी अकराला ठेवली होती आणि सूचनेवर 'मानसिक आरोग्य जागृती' असे लिहिले होते. ९२ मुलांच्या पालकांपैकी नऊ जण आले. त्यातल्या दोन आया वर्गाबाहेरच थांबून मला विचारत होत्या, "मॅडम, आमच्या पोराला काही झालंय का?" 'मानसिक' या शब्दाला आपल्याकडे इस्पितळाचा वास आहे, तो सूचनेत वापरण्याआधी हे कोणीतरी सांगायला हवे होते. दुसऱ्या वर्षी बैठक रविवारी संध्याकाळी घेतली आणि सूचनेवर 'दहावीच्या आदल्या वर्षी घरात काय बोलावे, काय टाळावे' असे लिहिले. तेव्हा पन्नासच्या वर पालक आले, त्यांत वडीलही बरेच होते आणि एक आजोबा नातीचा मोबाइल हातात घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. मजकूर तोच होता. शीर्षक आमच्या शिपाईमामांनी सुचवले, याचा उल्लेख कार्यक्रम पुरवणाऱ्यांच्या अहवालात झालेला नाही.

आता सर्वांत दुबळा भाग. सत्रे संपल्यावर पुढे काय? पहिल्या वर्षी पुस्तिकेच्या मागे एक मदतवाहिनी छापली होती, ती आम्ही लावून पाहिली तेव्हा लागली नाही. आता तिथे 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. पण आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींकडे स्वतःचा फोन नाही. आईच्या फोनवरून केलेला कॉल यादीत राहतो आणि शाळेतला फोन कार्यालयात, लिपिकाच्या टेबलावर आहे. ताई सहा आठवडे येते, मुलांना बोलते करते आणि सातव्या आठवड्यात नसते. पहिल्या वर्षी ती गेल्यावर पंधरा दिवसांनी एक मुलगी मधल्या सुट्टीत तिला शोधत स्टाफरूमच्या दाराशी आली होती. 'त्या ताई परत कधी येणार' याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी तिला माझ्याशी बोलशील का असे विचारले, तर ती "काही नाही मॅडम" म्हणाली.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असणे अपेक्षित आहे. आमच्या शाळेत साडेआठशे विद्यार्थी आहेत आणि ते पद अजून कागदावरच आहे. तेव्हा सगळा दोष कार्यक्रम विकणाऱ्यांच्या माथी मारता येणार नाही. तरीही त्यांनी पहिल्याच भेटीत शाळेला 'नंतर तुमच्याकडे कोण आहे' हे विचारायला हवे आणि कोणीच नसेल, तर कार्यक्रम सुरू करण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे.

पाचांपैकी गुण द्यायचे तर भाषेला चार, नाट्यीकरणाच्या दोन सत्रांना पाच, मनुक्याच्या सत्राला एक आणि पाठपुराव्याला दीड देईन. पुढच्या वर्षासाठी आम्ही तीन अटी घातल्या आहेत. पाचव्या सत्राच्या जागी आणखी एक नाट्यीकरण हवे. जातीवरून होणाऱ्या चिडवणुकीचा प्रसंग हवा. तो मी लिहून द्यायला तयार आहे. सत्रे संपल्यावर मार्चपर्यंत दर पंधरवड्याला ताईने एक पूर्ण दिवस शाळेत बसावे आणि त्यासाठी ग्रंथालयामागची खोली द्यावी, असेही ठरवले आहे. पहिल्या दोन अटी मान्य झाल्या आहेत. तिसरीसाठी विद्यार्थ्यामागे आणखी ९० रुपये मागितले आहेत. ते कुठून आणायचे, यावर पुढच्या शनिवारी माजी विद्यार्थ्यांची बैठक आहे. ग्रंथालयामागच्या खोलीला कडी नव्हती, ती शिपाईमामांनी परवा बसवली.